ठिगळ, माया आणि तिवंध्यातलं मशीन

पत्र:

मावशी, नमस्कार. मी ५३ वर्षांची, इंदिरानगरला राहते, बँकेत नोकरीला आहे. माहेर जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात. आई गेल्या मार्गशीर्षात गेली. वाडा आता पाडायचा आहे आणि दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत. तिथे आईचं पायाचं शिलाई मशीन आहे. काळं, सोनेरी नक्षी घासून गेलेली, सात-आठ वर्षं बंद. भाऊ म्हणतो, भंगारात देऊ. माझी मुलगी म्हणते, वरचं काढून टाक, खालच्या लोखंडी पायांवर काच टाकली की मस्त टेबल होईल. आमचे हे म्हणतात, टू बीएचकेत आणखी अडगळ नको. सोबत आईची ट्रंक आहे, तिच्यात लुगडी आणि चिंध्यांचं एक मोठं गाठोडं.

मला शिवता येत नाही. आई वाड्यातल्या आणि गल्लीतल्या बायकांची पोलकी, परकर, झबली शिवायची, आमच्या फिया त्यातूनच भरल्या. पण मला मशीनला हात लावू द्यायची नाही. "तू अभ्यास कर" म्हणायची. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सातवीत माझा शाळेचा निळा स्कर्ट बाकाच्या खिळ्याला अडकून फाटला. आईने रात्री बसून ठिगळ लावलं. सकाळी मी तो तिच्या अंगावर फेकला आणि म्हणाले, भिकारणीसारखी मी जाणार नाही. ती काहीच बोलली नाही. चार दिवसांनी नवा स्कर्ट आला.

आता वाटतं, मशीन आणावं आणि शिवण शिकावं. या वयात जमेल का? की हे सगळं नुसतं प्रायश्चित्त आहे?

उत्तर:

ताई, आधी टेबलाचं सांगून टाकते, म्हणजे लेकीला कळवायला बरं. करू नका. कॉलेज रोडला एका कॉफीच्या दुकानात असलं टेबल मी पाहिलं आहे. खालचा पायटा तसाच ठेवलेला, त्यावर गिऱ्हाइकांचे बूट, आणि चाक फिरू नये म्हणून वेल्डिंग करून टाकलेलं. मला ती कॉफी काही गोड लागली नाही. दुसऱ्या कुणाला ते टेबल सुंदर वाटेलही, वाटो बापडं. तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते.

पण म्हणून मशीन घरी आणाच, असंही मी लगेच म्हणणार नाही. आधी तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी जरा उसवून बघू.

पहिली, आईने शिकवलं नाही ही खंत. आमच्या पिढीच्या बायका एकत्र जमल्या की जुन्या शिवणाच्या आठवणी फार गोड होऊन बाहेर येतात. दुपारची वेळ, मशीनची खडखड, आजीच्या सुईत दोरा ओवून देणारी नातवंडं. हे सगळं होतं, खोटं नाही. पण त्या खडखडीखाली काय होतं ते सांगते.

माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होते, पगार वेळेवर, तरी आम्ही पाच भावंडं. वडिलांच्या सदऱ्याची कॉलर दाढीच्या खुंटांनी झिजायची. मग आई ती पूर्ण उसवायची, उलटी करायची आणि पुन्हा बसवायची. सदरा आणखी वर्षभर निघायचा. चादर मधोमध विरली की मधून फाडून दोन्ही कडा आत घ्यायच्या आणि जोडायच्या. मग झोपताना ती शिवण पाठीला रुतायची, त्याची सवय व्हायची. आजीच्या लुगड्याचं तेच. बसायच्या जागी लुगडं विरतं, पदर आणि काठ मात्र धड असतात. मग विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन चांगली टोकं जोडायची. त्याला दंड घालणं म्हणायचे. दंड घातलेलं लुगडं नेसून बाई चारचौघांत आली, तर निऱ्यांची घडी अशी बसवायची की दंड आत दडावा. शिवण्याइतकंच ते लपवण्याचंही कसब होतं.

जून आला की आमच्या घरात वेगळंच. युनिफॉर्म दोन वर्षं पुरेल एवढा मोठा शिवायचा आणि खाली चार बोटं दुमड घालून ठेवायची. पुढच्या जूनला दुमड सोडली की स्कर्ट लांब होतो, पण जिथे घडी होती तिथे एक रेघ राहते, कितीही इस्त्री करा. वर्गात ती रेघ बघून कुणाचं कापड कितव्या वर्षाचं आहे ते कळायचं. आम्ही मुली एकमेकींच्या रेघा मोजायचो. दुष्ट होतो, दुसरं काय.

आणि कापडाचा शेवट कुठे व्हायचा? लुगड्याचा परकर, परकराचं दुपटं, दुपट्यातून उरलेलं गोधडीच्या पोटात, आणि अगदीच विरलं की पोतेरं. बोहारीण दारात आली की आईचा जीव वरखाली व्हायचा. स्टीलचं पातेलं हवं असायचं, पण बोहारणीला लागणारं धडकं कापड घरात उरलेलंच नसायचं. मग टेरिकॉट आलं. ते फाटेना, विरेना, आणि उन्हाळ्यात घामाने जीव नकोसा करी, पण घरातल्या बायकांची रफूतून थोडी सुटका त्यानेच केली. ह्याबद्दल टेरिकॉटला कुणी धन्यवाद दिलेले मी ऐकले नाहीत, म्हणून मी देऊन टाकते.

तुमची आई तर ह्याच्याही पुढे, लोकांचं शिवायची. सणाच्या आधीच्या रात्री, चाळीस-साठच्या बल्बखाली, गिऱ्हाइकाचं पोलकं उद्या सकाळी हवं म्हणून. पाठीचा काटा ढिला, डोळ्यांना पाणी. लेकीला त्या खुर्चीवर बसू द्यायचं नाही, असं तिने पुरतं ठरवून टाकलेलं दिसतं. आणि तुम्ही बँकेत लागलात, म्हणजे तिचं ते ठरवणं तडीसही गेलं. तेव्हा तिने शिकवायचं राहून गेलं असं धरून तुम्ही आता मशीनवर बसणार असाल, तर थांबा. तिच्या हातून राहिलेलं असं तिथे काही नाही.

दुसरी गोष्ट, तो स्कर्ट. ह्यावर मी दोन दिवस विचार केला.

मला प्रश्न पडला की रात्री, अचानक, ठिगळाला निळं कापड आलं कुठून? शाळेच्या कापडाचा तुकडा घरात पडलेला असेल तर ठीक, पण बहुतेक वेळा नसतो. मग शिवणारी बाई काय करते? त्याच कपड्याच्या आत हात घालते. शिवणीला, नेफ्याला, खालच्या दुमडीला जे जास्तीचं कापड आत सोडलेलं असतं त्याला आपल्या मराठीत माया म्हणतात, तुमच्या आईच्या तोंडात तो शब्द दिवसातून दहा वेळा असणार. "माया सोडली आहेस ना?" त्या मायेतून दोन बोटांचा तुकडा कापायचा आणि बाहेर लावायचा. अडचण एकच. बाहेरचं कापड वर्षभर उन्हात वाळून फिकं पडलेलं असतं, आणि आतलं नव्यासारखं गडद. म्हणून ठिगळ उठून दिसतं. वेळ असेल तर तो तुकडा चार वेळा धुऊन, उन्हात टाकून मग लावतात. एका रात्रीत ते होत नाही. तुमच्या डोळ्यात खुपला तो तोच गडद चौकोन असणार. तुम्ही बारा वर्षांच्या होता, वर्गात रेघा मोजणाऱ्या माझ्यासारख्या मुली होत्या, तुम्ही तो स्कर्ट फेकलात.

आई बोलली नाही, तिला काय वाटलं हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. तिने मनातल्या मनात माफ केलं असेल, असं लिहून तुमचं समाधान करणं सोपं आहे, पण मी ते करणार नाही. लागलं असेल तिला. आईला लागतं. पण चार दिवसांत नवा स्कर्ट आला, ह्याचा हिशेब तुम्ही कधी मांडलेला दिसत नाही. कापडाचे पैसे, आणि लोकांची कामं बाजूला सारून काढलेली एक रात्र. तुमचं म्हणणं तिने मान्य केलं होतं. ठिगळ लावायची लाज तिला नव्हती, पण लेकीला वाटणारी लाजही तिने उडवून लावली नाही.

ट्रंकेतलं ते गाठोडं टाकू नका आणि आवरायच्या घाईत भावाच्या हातीही देऊ नका. एका रविवारी जमिनीवर सोडून बसा. शिवणाऱ्या बाईच्या चिंध्यांत अख्खी गल्ली असते. कुणाच्या मुंजीतल्या पोलक्याचा खण, कुणाच्या बाळाच्या झबल्याचं मलमल, अस्तराचा मांजरपाट, ब्लाउजच्या टू बाय टू कापडाचे तुकडे. निळा स्कर्ट त्यात सापडेलच असं नाही. धड असेल तर बहुतेक बोहारणीच्या पाटीत गेला असेल.

आता मशीनकडे येऊ. वय विचारलंत. वयाचं काही नाही, चष्म्याचं आहे. सुई ओवायला तारेचं ओवणं मिळतं, ते घ्या आणि विषय संपवा.

बंद मशीन बघून घाबरू नका. माझ्या एका मैत्रिणीचं मशीन सप्टेंबर २००८च्या पुरात सराफ बाजाराकडच्या घरात पाण्यात उभं होतं. ते चाललं, आजही चालतं. ही जुनी काळी मशीनं ओतीव लोखंडाची, आत प्लास्टिक नाही. आठ वर्षांत त्यांचं बिघडतं ते एवढंच की जुनं तेल आटून डिंकासारखं होतं आणि चाक जाम होतं. जोर लावून फिरवू नका. तासभर उन्हात ठेवा, वर जी बारीक भोकं दिसतील त्या प्रत्येकात मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी चाक हळूहळू पुढेमागे हलवा. दोन-तीन दिवस असं करा. आणि कृपा करून खोबरेल घालू नका. अर्ध्या महाराष्ट्राची मशीनं खोबरेलाने जाम झालेली आहेत. घरात तेच तेल हाताशी असतं, म्हणून.

चामड्याचा पट्टा सैल झाला असेल, तर नवा घ्यायची घाई नको. त्याच्या जोडाला एक तारेची कडी असते. ती पकडीने उघडायची, पट्टा अर्धा बोट कापायचा, नवं भोक पाडून कडी परत दाबायची. पट्टा चिरलेला, वाळून कडक झालेला असेल तर मात्र बदला. सुई नवीच घाला. जुनी काढायच्या आधी तिची सपाट बाजू कुठे आहे ते बघून ठेवा, नवी तशीच बसवा. ती उलटी बसली की टाके सुटतात, आणि माणूस सगळं मशीन खोलून बसतो. वायलसारख्या पातळ कापडाला अकरा नंबर, नेहमीच्या सुतीला चौदा, जीन्सला सोळा. एवढ्यावर वर्ष निघेल. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली, तर बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, शिव्या देऊ नका. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, सगळा काढून पुन्हा ओवा.

नाहीच जमलं, तर जुन्या नाशकात मेनरोडच्या गल्ल्यांत विचारत जा, मशीन दुरुस्त करणारे अजून आहेत. त्यांच्यासमोर बसून बघा काय करतात ते. चार प्रश्न विचारले तर चिडत नाहीत, उलट बाई विचारते आहे म्हणून दोन गोष्टी जास्त सांगतात.

मशीनवर नाव पुसलं असलं तरी बुडाजवळ नंबर कोरलेला असतो. सिंगर असेल तर त्या नंबरावरून बनवल्याचं साल काढता येतं. सिंगरचं पेटंट १८५१ सालचं. आपली देशी उषा १९३०च्या दशकात कोलकात्यात बनू लागली. आणि एक मला आवडणारी गोष्ट. यंत्रांच्या विरोधात एवढं बोलणारे गांधीजी १९२४ साली एका संभाषणात म्हणाले होते, की आजवर लागलेल्या मोजक्या उपयोगी शोधांत शिलाई मशीन येतं. सिंगरने ते बायकोचे हातशिलाईचे कष्ट बघून केलं, अशी त्यांची समजूत होती. प्रेमापोटी झालेलं यंत्र म्हणून त्यांनी ते आपल्या विरोधातून वगळलं. तुमच्या घरी "अडगळ" म्हणणाऱ्यांना हे ऐकवून बघा. फरक पडणार नाही, पण चहापुरतं बोलणं निघेल.

शिकायची सुरुवात कापडाने करू नका. वहीचा रेघांचा कागद घ्या, सुईत दोरा ओवू नका, आणि नुसती रेघेवर टीप मारत चला. पायाला लय आणि हाताला दिशा एकदम सांभाळायला कागदासारखं काही नाही. पाय उलटा पडला की चाक मागे फिरतं आणि दोरा तुटतो, म्हणून प्रत्येक वेळी चाकाला हाताने आपल्याकडे एक ढकल द्यायची आणि मग पाय चालवायचा. आठ दिवस कागद, मग जुन्या चादरीचे तुकडे, मग उशीचा अभ्रा. ब्लाउजच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. पहिलं ब्लाउज फसलं की बायका मशीनवर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागतात.

पण तुम्ही मला खरंच विचाराल तर मशीन येईपर्यंत हाताने सुरुवात करा, आणि गोधडीने करा. थंडी तोंडावर आली आहे. निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचताना अंगावर आईच्या लुगड्याची गोधडी असावी, ह्याहून चांगलं काय. आणि गोधडीचं गणित सोपं आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. लुगड्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि चारेक फूट रुंद असे चार थर आपोआप मिळतात. एका माणसाची गोधडी, एकाच लुगड्यात, कातर न लावता. आधी लुगडं धुऊन खळ काढा. फरशीवर पसरा, चारी बाजूंनी ताणून वर जड पुस्तकं ठेवा, मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळं टाचून घ्या. मग दुहेरी दोरा आणि साधा धावदोरा, कडेने एक फेरी, तिच्या आत दोन बोटं सोडून दुसरी, तिसरी, मध्यापर्यंत. टाके वाकडे येतील, येऊ देत. गाठ थरांच्या आत ओढून घ्या, म्हणजे अंगाला टोचत नाही. कुठे विरलं असेल तिथे वर गाठोड्यातली एखादी चिंधी लावा. रोज रात्री मालिका बघताना अर्धा तास, दिवाळी ते संक्रांत, होईल. ट्रंकेत पैठणी किंवा जरीचं काही निघालं तर त्याला मात्र हात लावू नका. ते मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदलत जा, नाहीतर घडीवरच चिरतं.

ही गोधडी शिवताना तुम्हाला कळेल, की तुम्हाला सुई आवडते की आईची आठवण. दोन्ही ठीकच. पण मशीन ठेवायचं की नाही, ते ह्यावर ठरेल.

तोवर घरच्यांशी सौदा करा. मशीनला जागा लागते साधारण तीन फूट बाय दीड फूट, खिडकीपाशी मावेल. मुदत मागा पुढच्या गणपतीपर्यंत. तेवढ्यात तुम्ही त्यावर निदान दहा-बारा वस्तू शिवल्या, अभ्रे, पिशव्या, पडदे, काहीही, तर ते राहिलं. नाही शिवल्या तर मन घट्ट करून, चालू स्थितीत, एखाद्या शिवणाऱ्या बाईला द्या. सिडकोत, पंचवटीत, घरी ब्लाउज आणि फॉल-बिडिंग करून मुलांच्या फिया भरणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, तुमच्या कामवाल्या मावशींना विचारलंत तरी तीन नावं मिळतील. फुकट देऊ नका, थोडे पैसे घ्या. फुकटच्या वस्तूला लोक तेल घालत नाहीत. भंगारवाला लोखंड वजनाने मोजेल. त्याच्या काट्यावर ते मशीन चढू नये, एवढीच माझी इच्छा.

आणि भावाला आजच फोन करा, दिवाळीपर्यंत थांबू नका. वाडे रिकामे व्हायला लागले की वस्तू कुणालाही न विचारता जातात. तिवंध्याच्या बोळात टेम्पो आत जायचा नाही, तेव्हा आणताना दोन खेपा करा. वरचं मशीन मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर बसलेलं असतं, खालचे दोन स्क्रू सैल केले की उचलून निघतं. लोखंडी पाय आणि फळी हातगाडीवर मोठ्या रस्त्यापर्यंत न्या. वरचं मशीन मात्र हातगाडीवर ठेवू नका, आईच्या एखाद्या लुगड्यात गुंडाळा आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसा. दहा-बारा किलो भरेल, इंदिरानगरपर्यंत मांड्या भरून येतील. रिक्षावाल्याला तेवढं खड्डे बघून घ्यायला सांगा.